अमीरबीच्या माणकाच्या कुड्या

देऊळघाटात अमीरबीचा आवाज पार पैनगंगेच्या काठापर्यंत ऐकू जायचा, आणि बहुतेक वेळा तो कुणाचा तरी उद्धार करत असायचा. बाई अंगानं काडी, पण तोंड असं की भांडायला निघालेला माणूस अर्ध्या गल्लीतूनच माघारी वळे. नवरा फकीर मोहम्मद जडावाचं काम करायचा, म्हणजे सोन्यात खडे बसवायचा. तो गेला, एकुलती एक लेक शकीला सुलतानपूरला नांदायला गेली, आणि दोन खोल्यांच्या घरात अमीरबी एकटी उरली. गावातल्या बायकांच्या पोती ओवून देणं हा तिचा धंदा होता. सुटलेले काळे मणी पदरात बांधून बायका तिच्या ओट्यावर येऊन बसायच्या, शिव्या खायच्या आणि पक्की ओवलेली पोत गळ्यात घालून घरी जायच्या. तिच्या हातचा धागा तुटत नाही, हे सगळं गाव मानायचं.

बसायच्या मात्र ओट्यावरच. उंबऱ्याच्या आत कुणी येत नसे, आणि अमीरबीच्या घरचं पाणी कुणी पीत नसे. ही गोष्ट इतकी जुनी की तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही आहे, असं कुणाला वाटतच नव्हतं. ऊन लागलेली बाई ओट्यावर बसल्या बसल्या समोरच्या विमलबाईला हाक मारून पाणी मागवी. अमीरबी म्हणे, "मागव माय, मागव. माह्या माठात वाघ बसला आहे, खाईन तुले." बायका हसायच्या, अमीरबीही हसायची. रीत ती रीत, तिच्यावर काय रागवायचं. बाकी सगळ्या जगावर रागवायला ती मोकळीच होती.

आणि या आग्यावेताळ बाईच्या घरात गावातली सगळ्यात देखणी वस्तू होती. माणकाच्या कुड्या. सोन्याच्या कोंदणात मधे एक मोठं माणिक, भोवती लहान माणकांच्या पाकळ्या, मागे फिरकी. निकाहात नवऱ्यानं बायकोला मेहेर, म्हणजे तिच्या हक्काचं धन, कबूल करायचा असतो. बरेच नवरे कबूल करतात, जन्मभर विसरतात, आणि मरताना बायकोकडून माफ करून घेतात. फकीर मोहम्मदानं तसं केलं नाही. घाटाखालच्या एका धनवंताचं काम करून मजुरीत त्यानं ती माणकं मागून घेतली, स्वतः कुड्या घडवल्या आणि तिच्या ओंजळीत टाकून म्हणाला, घे, तुझा हक्क. अमीरबी त्या दिवशी त्याच्यावरही चिडली होती, की एवढं लाल कानात घालून मी चुलीपुढे बसू का. पण तिनं त्या घातल्या, आणि तो असेपर्यंत ईद आली की घालत राहिली.

त्या कुड्यांचं मर्म तिला ठाऊक होतं, कारण त्या घडताना ती शेजारी बसून फुंकणी धरत होती. माणकाच्या पाठीशी, कोंदणाच्या आत, कागदाहून पातळ असा चकचकीत पत्रा बसवलेला असतो. त्याला डांक म्हणतात. उजेड खड्यातून आत जातो, डांकेवर आपटतो आणि लालभडक होऊन बाहेर येतो. माणूस म्हणतो, काय माणिक आहे. खरी करणी डांकेची असते. या डांकेचा वैरी एकच, पाणी. पाणी आत मुरलं की डांक सडते आणि खडा मेल्या माशाच्या डोळ्यासारखा होतो. म्हणून अमीरबी कुड्या काढून मगच तोंड धुवायची.

कुड्या पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर गेल्या त्या विमलबाईच्या पोरीसाठी. पाहुणे पोरगी पाहायला यायचे होते आणि पोरीच्या कानात काही नव्हतं. विमलबाई ओट्यावर पदर तोंडाला लावून बसली. फकीर मोहम्मद आतून म्हणाला, देऊन टाक, कान काय आणि कान काय. अमीरबीनं आदळआपट केली आणि दिल्या. लग्न जमलं. मग गल्लीतल्या निवृत्तीच्या घरची मोठी, मग तिची धाकटी, मग खुद्द किसनराव पाटलांची लेक. पाटलांकडे सोनं होतं, पण अमीरबीच्या कुड्यांचा गुण येतो अशी तोवर बोलवा झाली होती. पाटलीणबाई अन्नपूर्णाबाई स्वतः मागायला आल्या.

मागणाऱ्या प्रत्येकीला अमीरबीकडून आधी प्रसाद मिळे. "तुमचं गाव म्हणजे नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. पोरी काढायच्या तुम्ही, अन् सजवायच्या म्या?" मग ती पेटीतून डबी काढी आणि अटी सांगे. तेलाचा हात लावायचा नाही. चुलीपुढे बसायचं नाही. दिवा लागायच्या आत वापस. आणि शेवटची अट बोट नाचवून. "पाण्याचा एक थेंब लागला, तं तुह्या पोरीची वरात माह्या दारावरून जाऊ देणार नाई." बायका माना हलवत. जाता जाता एखादी आपणहून म्हणे, "सोन्याले विटाळ नसते भाबी." अमीरबीला त्या बोलण्याचं बरं वाटे. एवढं तरी आपलं यांना चालतं, असं ती मनात म्हणे.

घाटाखालच्या गावांत तर असा समज पसरला होता की देऊळघाटच्या पोरी कानात माणकं घेऊनच जन्माला येतात. लग्नात कुड्या दिसल्या नाहीत की सांगायचं ठरलेलं असे, आजीच्या होत्या, आजीनं ठेवून घेतल्या. अशा हिशेबानं अमीरबी अर्ध्या गावाची आजी झाली होती. शकीला माहेरी आली की कुड्यांवरून रुसायची. आई, मी तुझी एकटी पोरगी, माझ्या कानांनी काय केलं? अमीरबी तिला सांगायची, तुझं लग्न झालं, या पोरींची व्हायची आहेत, होऊ दे. शकीला न जेवता निजायची. पोटच्या पोरीला नाही म्हणून बाईनं गावाला दिलं, हे गावानं कधी मोजलं नाही. अमीरबीनंही तोंडानं कधी काढलं नाही, आणि तोंड तर तिचं कधी बंद नसायचं.

आता कोकिळेचं.

अमीरबीच्या भिंतीला भिंत लागून शेषरावचं घर. शेषराव कपाशी-ज्वारीवाला, मुका म्हणावा इतका गरीब स्वभावाचा. त्याची बायको रुखमाबाई, आणि त्यांची ही पोरगी कोकिळा. दोन्ही घरांच्या मधली भिंत छातीएवढी, त्यामुळे एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात शिंक यायची. कोकिळा लहानपणापासून अमीरबीच्या ओट्यावर मणी निवडत मोठी झाली. कानाची भोकं बुजू नयेत म्हणून पोरगी कडुनिंबाच्या काड्या घालून हिंडायची. अमीरबी म्हणायची, "तुह्या येळेले डांक नवी टाकून देईन, अशा चमकतीन की नवरदेव आंधळा होईन." रुखमाबाई भिंतीपलीकडून म्हणायची, "तुह्या तोंडात साखर पडो भाबी." अमीरबीच्या आयुष्यात मैत्रीण म्हणावी अशी कुणी असेल तर ती हीच.

कोकिळेला पाहायला सोनाळ्याचे पाहुणे येणार असं ठरलं. घर मोठं, खटल्याचं, आणि भारी सोवळ्याचं. मुलाची आत्या तर बाजारातून आणलेला गूळसुद्धा धुऊन घेते, असं मध्यस्थी करणाऱ्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. गूळ धुतल्यावर उरतो किती, हे त्याला कुणी विचारलं नाही. रुखमाबाईनं मात्र ते मनात धरलं. तिनं आदल्या दिवशी कुड्या नेल्या. अमीरबीनं खरंच नवी डांक घातली होती, माणकं निखाऱ्यासारखी झाली होती. अटी सांगताना या वेळी तिनं बोटही नाचवलं नाही. रुखमाला काय सांगायचं?

रुखमाबाईनं घरी नेऊन काय केलं ते अमीरबीला मागाहून कळलं, पण इथं आत्ताच सांगितलेलं बरं. तिनं वाटीत गोमूत्र घेतलं, त्यात चिमूटभर हळद टाकली आणि कुड्या बुडवून वाटी देवापुढे ठेवली. सकाळपर्यंत. विटाळ मुळापासून जायला हवा, म्हणून. सकाळी खडे मंद दिसले, तर ओले आहेत म्हणून असतील, अशी तिनं मनाची समजूत घातली. सोन्याला विटाळ नसतो हे ओट्यावर बोलायचं असतं, देवघरात नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. अमीरबी आपल्या अंगणात पोत ओवत बसली होती, कान भिंतीकडे. पाट मांडल्याचा आवाज आला, कोकिळेच्या पायात पैंजण नव्हते तरी तिचं चालणं ओळखू आलं. पोरीला नाव विचारलं, कामधंदा विचारला. मग आत्याबाईंचा आवाज आला.

"इकडे ये पोरी, उजेडात. हे कानात काय घातलं व तुह्या?"

आत्याबाईंच्या बांगड्या वाजल्या, पोरीचा कान हातात घेतला असावा.

"माणकं म्हणे. हे तं काचेचे तुकडे आहेत, काळे पडलेले. खोटे खडे घालून पोरगी दाखवता? मंग पोरीत काय काय खोटं असीन?"

शेषराव काहीतरी पुटपुटला. आणि मग भिंतीपलीकडून रुखमाबाईचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"आमच्या नाईत बाई त्या. शेजारच्या अमीरबीच्या आहेत. तिनं खडे बदलले असतीन."

अमीरबीच्या हातातला धागा तुटला आणि मणी अंगणभर सांडले. ती उठली नाही. भिंतीपलीकडे भरल्या बशा तशाच ठेवून पाहुणे उठल्याचं, दमणीला बैल जुंपल्याचं, चाकं गेल्याचं तिला ऐकू आलं. थोड्या वेळानं शेषराव आला, चिंधीत बांधलेल्या कुड्या ओट्याच्या कडेला ठेवल्या आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

तिनं चिंधी सोडली. एक नजर टाकायचा अवकाश, तिला कळलं. ती भिंतीशी गेली.

"रुखमा. पाणी लावलं?"

"नाई."

"खरं सांग. मी काई म्हणणार नाई. पाणी लावलं ना?"

"नाई म्हटलं ना भाबी. माह्या कोकिळेची शपथ."

अमीरबीनं तिच्याकडे पाहिलं. पोटच्या पोरीची खोटी शपथ खाणारी बाई तिनं याआधीही पाहिली होती, पण इतक्या जवळून नाही. तिला शिवी द्यायची होती आणि तिच्या तोंडून शिवी निघाली नाही. रागाची ही जात तिच्या ओळखीची नव्हती. नेहमीचा राग तोंडावाटे निघून जायचा, हा आत बसला.

पुढे व्हायचं ते झालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या बोंबा रुखमाबाईला माराव्याही लागल्या नाहीत, गावानंच मारल्या. अमीरबीनं खरी माणकं विकली. विकून पैसे शकीलाला पाठवले. शकीलाच्या घरी नवी बैलजोडी आली म्हणे, कुणीतरी सुलतानपूरच्या बाजारात पाहिली. एवढ्या वर्षांत कुणाच्या पोरीच्या कानात खरी होती आणि कुणाच्या खोटी, याचाही बायका विचार करायला लागल्या. ज्यांची लग्नं त्या कुड्यांवर जमली होती त्या सगळ्यात पुढे. पोत ओवायला ओट्यावर कुणी येईना. वाटेत बाई दिसली की ती पदर सावरून कडेनं जाई. ज्या बाईच्या शिव्या गाव आवडीनं खायचं, तिच्या हाकेला आता कुणी ओ देईना.

पैशाचं अमीरबीनं पाहून घेतलं असतं. पण फकीर मोहम्मद गेला तेव्हा घरात दुसरं काही नव्हतं, एवढं एक नाव होतं की या घरचा खडा खोटा नसतो. ते नाव घेऊन ती जगत होती. ते आता गल्लीतलं कुणीही उठून पायानं तुडवत होतं. आठवडा बाजाराच्या दिवशी ती उठली, नवऱ्याचा टोचा, चिमटा आणि डांकेची पुडी घेतली, कुड्यांची डबी घेतली आणि भर दुपारी किसनराव पाटलांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. बाजारातून परतणारी माणसं थांबली. बायका अंगणाच्या कडेनं जमल्या. रुखमाबाईला पाटलांनी बोलावून आणवलं. कोकिळा तिच्या मागून आली.

किसनराव भला माणूस. बुलढाण्याच्या कचेरीत गावाचं भांडण जाऊ नये, एवढी एकच काळजी त्याला असायची. तो समजुतीनं म्हणाला, "अमीरबी, झालं गेलं गंगेले मिळालं. अडचण कोणाले येत नाई? खडे बदलले असतीन तं सांगून टाक. कोणी तुले एका शब्दानं बोलणार नाई. म्या सांगतो ना."

"माफ करून राह्यले काय मले?"

"तसंच समज."

"न केलेल्या चोरीची माफी?" अमीरबीचा आवाज असा काही चढला की बाजाराच्या वाटेवरचे बैलसुद्धा थबकले. "पाटील, चोर म्हणा, फटके मारा, म्या सहन करीन. माफ करता म्हणता? तुमच्या पोरीच्या कानात ह्याच कुड्या होत्या. तवा मले कोणी इमान विचारलं नाई. काऊन? तवा गरज होती. आता बसा, अन् पाहा."

ती ओसरीच्या पायरीवर बसली. टोचा कोंदणाच्या काठाखाली घातला. फकीर मोहम्मद सांगायचा, कोंदण उघडताना श्वास धरायचा. तिनं धरला. सोन्याचा काठ उचलला गेला आणि मधलं मोठं माणिक तिच्या तळहातावर पडलं.

माणिक फिकं होतं. डाळिंबाचा दाणा पाण्यात भिजून फिकुटतो तसं.

"पाह्य," मागून कुणीतरी म्हणालं. "काच आहे."

अमीरबीनं मान वर केली नाही. तिनं कोंदणाची रिकामी वाटी उन्हात धरली. आतली डांक कुजून काळी झाली होती, आणि तिच्या कडेनं पिवळं काहीतरी वाळून बसलं होतं. तिनं ती वाटी पाटलांच्या नाकाशी नेली. "वास घ्या."

किसनरावानं वास घेतला. त्याच्या तोंडावरची समजूत उतरली. तो वास ओळखायला शहाणपण लागत नव्हतं, प्रत्येक देवघरात तो होता.

"हळद आहे," तो हळू म्हणाला. "अन् गोमूत्र."

अमीरबीनं चिमट्याच्या टोकानं कुजकी डांक काढून टाकली, कोंदण कोरड्या कापडानं पुसलं, पुडीतून नवी डांक काढून आत बसवली आणि त्यावर तेच फिकं माणिक ठेवून बोटानं दाबलं. माणिक लाल झालं. आधी होतं तसं, पाटलांच्या लेकीच्या कानात होतं तसं. पुढची दोन माणसं नकळत वाकली.

"खडा हाच आहे. माह्या मालकानं बसवला तो," अमीरबी म्हणाली. "आता ही हळद कोणाच्या घरची, ते म्या विचारत नाई. जिची आहे तिले माहीत आहे."

तिनं रुखमाबाईकडे पाहिलं. रुखमाबाईची मान खाली होती. ठीक. तेवढंच तर हवं होतं. पण रुखमाबाईच्या शेजारी विमलबाई उभी होती, तिचीही मान खाली होती. निवृत्तीची बायको पदराच्या टोकाशी खेळत होती. दारात उभ्या असलेल्या अन्नपूर्णाबाई पाटलीण उंबऱ्याकडे टक लावून पाहत होत्या, जसं काही तिथं काही लिहिलेलं होतं. अमीरबीची नजर एकेका तोंडावरून फिरत गेली आणि एकही तोंड वर होईना.

मग विमलबाईनं तोंड उघडलं. ती गप्प राहिली असती तर बरं झालं असतं.

"आम्ही नुसतं शिंपडलं व भाबी," ती म्हणाली. "बुडवलं नाई."

अमीरबीला ते शब्द कळायला वेळ लागला. कळले तेव्हा तिनं हातातल्या कुडीकडे पाहिलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून. विमलबाईची पोरगी, जिच्यासाठी फकीर मोहम्मद म्हणाला होता कान काय आणि कान काय. मग सगळ्या. प्रत्येकीनं ओट्यावर सोन्याले विटाळ नसते म्हणायचं, घरी जाऊन दार लावायचं, आणि तिचा मेहेर, तिच्या नवऱ्याच्या हातची वस्तू, धुऊन काढायची. काय धुवायचं? तिलाच की. तिचा हात, तिचा संसार, तिचं माणूसपण. आणि शकीला उपाशी निजायची.

"तुमच्या गळ्यात पोती आहेत," ती म्हणाली. आवाज आता चढलेला नव्हता. "माह्या बोटानं ओवलेल्या. एकेक मणी. त्याबी धुता?"

विमलबाईचा हात गळ्यातल्या पोतीवर गेला.

"धुता," ती म्हणाली, डबी मिटली आणि अंगणातून चालायला लागली. लोकांनी वाट दिली.

नाव परत मिळालं, पण अमीरबीला त्याचं काही वाटेना. गाव म्हणायला लागलं, अमीरबी खरी निघाली. तिला वाटायचं, तुम्ही कोण मला खरं म्हणणारे? बायका पुन्हा मणी घेऊन आल्या. तिनं ओट्यावर काट्याची फांदी आडवी टाकली. तोंडाचा पट्टा सुटलेलाच होता, पण आता त्या शिव्यांना कुणी हसत नव्हतं. कुड्या मागायला कुणी आलंच नाही, आणि रुखमाबाईच्या घरात फोडणी पडली की अमीरबी दार लावून घ्यायची.

कपाशीची वेचणी सुरू झाली तेव्हा एका सकाळी फांदी बाजूला सारून रुखमाबाई ओट्यावर आली. बसली नाही, उभीच राहिली.

"चुकलं माह्यं भाबी."

अमीरबी दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"सोनाळ्याचे पाहुणे उद्या पुन्हा येऊन राह्यले. पाटलांनी निरोप धाडला व्हता, खडे खरे व्हते म्हणून. पोरगी त्याईले पसंत आहे. पण आत्याबाई म्हणते, त्याच कुड्या पुन्हा पाहीन, तवाच पुढचं बोलू." रुखमाबाईनं हात जोडले. "मले मार पायजे तं. पण पोरीचं कर."

"शपथ कोणाची खाल्ली व्हती?"

रुखमाबाई रडायला लागली. अमीरबी उठली आणि आत गेली. रुखमाबाईला वाटलं, पेटी उघडायला गेली. अमीरबी बाहेर आली ती कलईचा कटोरा घेऊन. माठातल्या पाण्यानं काठोकाठ भरलेला. तो तिनं ओट्यावर, रुखमाबाईच्या पायाशी ठेवला.

"पी. मंग कुड्या ने."

रुखमाबाई खाली बसली. कटोऱ्याकडे पाहत राहिली. एवढ्या वर्षांची शेजारीण, एका भिंतीची. बाळंतपणात हिच्याच हाताला धरून ती ओरडली होती. तिचा हात कटोऱ्यापर्यंत गेला, काठाला लागला, आणि पदराकडे वळला.

"माह्यानं नाई होत भाबी," ती म्हणाली. "लय वाटते, पण नाई होत."

अमीरबीच्या कपाळाची शीर ताठ झाली. "तं ऊठ. माह्या ओट्यावरून ऊठ. पोरीचं वाटोळं झालं तं झालं, पण पाणी नाई होत. ऊठ म्हणतो ना."

गल्लीत कोकिळा उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. ती ओट्यावर चढली, आईला ओलांडून वाकली, कटोरा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, चोळीवर ओघळलं. रुखमाबाईच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नाही. कोकिळेनं रिकामा कटोरा उपडा करून दाराशी ठेवला.

"मले कुड्या नको मावशी," ती म्हणाली. "ह्या काड्या बऱ्या आहेत. तहान लागली व्हती, म्हणून प्यायलो."

आणि ती निघाली.

"थांब," अमीरबी ओरडली. "अशी उघड्या कानाची कुठी चालली? माह्या पोरी अशा गेल्या नाईत पाहुण्याईपुढे. बस इथी."

ती आत गेली, पेटी आपटली, डबी आणली. कोकिळेला खाली बसवलं, कानातल्या काड्या ओढून फेकल्या आणि एकेक कुडी घालून मागची फिरकी आवळली. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याचाही तिला राग येत होता.

"दुखते व मावशी."

"दुखू दे. उद्या दिवा लागायच्या आत वापस आण. तेलाचा हात लावू नको. चुलीपुढे बसू नको."

शेवटची अट तिनं सांगितली नाही. कोकिळेचा हात धरून तिनं तिला रुखमाबाईपुढे उभं केलं. सकाळच्या उन्हात माणकं पेटली होती.

"कुड्या धुतल्या व्हत्या ना," अमीरबी म्हणाली. "आता घे, हिले धू. पण कुठून कुठलोक धुशीन रुखमा? पाणी आत गेलं आहे."